सहीआधी ग्लासभर पाणी

आमच्या वकीलबाईंकडे सही करायची असेल, तर आधी ग्लासभर पाणी प्यावं लागे. पाणी त्या स्वतः उठून माठातून काढून द्यायच्या. नवखा माणूस "नको बाई, आत्ताच चहा झालाय" म्हणाला, तर म्हणायच्या, "हा पाहुणचार नाहीये. अकरा पानं मोठ्यानं वाचायची आहेत तुम्हाला. घसा सुकेल." माणूस हसायचा. बाई हसत नाहीयेत हे लक्षात आलं, की मुकाट्यानं ग्लास उचलायचा.

भाईंदरच्या केबिन रोडवर माझं झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान आहे. गाळ्याचा पुढचा अर्धा भाग माझा, मागचा अर्धा तेव्हा बाईंचा. मध्ये प्लायवूडचं पार्टिशन, आणि तेही छतापर्यंत न पोचलेलं, बाजूला जायला-यायला मोकळी वाट ठेवलेलं. त्यामुळे बारा वर्षं मी भाडेकरार, भागीदारीचे कागद आणि मृत्युपत्रं कानांनी ऐकत आलो. खासगी मामला असला की आतून हाक यायची, "मशीन चालू कर रे!" मग मी कोऱ्या कागदाच्या कोऱ्या झेरॉक्स काढत बसायचो, म्हणजे त्या खडखडाटात आतला आवाज बाहेरच्या गिऱ्हाइकांना जाऊ नये. मला मात्र सगळं ऐकू यायचं. मशीनच्या आवाजाची सवय झालेल्या माणसाच्या कानांबद्दल बाईंना काही माहीत नव्हतं, किंवा माहीत असून त्या बोलत नव्हत्या.

बाई ठेंगण्या, सत्तरीला टेकलेल्या. सुती साडी आणि खाली पांढरेशुभ्र स्पोर्ट्‌स शूज. आठवड्यातून दोन दिवस ठाण्याच्या कोर्टात, बाकीचे दिवस इथं. काळा कोट लाँड्रीच्या प्लास्टिकसकट खिळ्याला लटकवलेला. आजूबाजूचे गुजराती दुकानदार त्यांना "बेन" म्हणायचे, नया नगरातून येणारे "आपा", आणि जुन्या भाईंदरातली एक म्हातारी कोळीण सरळ "ए वकीन" अशी हाक मारायची. ती कोळीण आपलं मृत्युपत्र करायला आली होती. म्हणाली, "मना वाचता येत न्हाय. तूच वाच, मी ऐकतंय." बाईंनी तीनदा वाचून दाखवलं. तिसऱ्यांदा म्हातारीनं अख्खं मृत्युपत्र तोंडपाठ म्हणून दाखवलं, वर बजावलं, "दुसऱ्या येळेला तू बांगड्या इसरलीस." बाईंनी उघडून पाहिलं, तर खरंच एक ओळ गाळून वाचली होती. त्या दिवशी बाई इतक्या खूश झाल्या की माझ्यासाठीसुद्धा जिलबी मागवली. दुसऱ्या कुणी त्यांची चूक काढली असती, तर पार्टिशन हललं असतं.

हा मोठ्यानं वाचण्याचा नियम कुठून आला, हे मी त्यांना बऱ्याचदा विचारलं. दर वेळी वेगळं उत्तर मिळालं. कधी म्हणाल्या, आमच्या शाळेत उभं राहून धडा वाचायची पद्धत होती. कधी म्हणाल्या, मला चष्मा पुसायला वेळ मिळतो. एकदाच जरा खरं वाटेल असं बोलल्या. "डोळा लबाड असतो रे. कंटाळा आला की ओळी गाळतो. जिभेला ते जमत नाही, ती अडखळते. आणि जिथं अडखळते ना, तिथंच कागदात काहीतरी असतं."

'वगैरे' आणि 'इत्यादी' या दोन शब्दांशी त्यांचं हाडवैर होतं. कुणी बोलता बोलता म्हणालं, "दुकानातलं सामान वगैरे त्याचं राहील," की लाल स्केचपेन वर व्हायचं. "वगैरेमध्ये काय काय? पंखा? फ्रिज? दुकानाचं नाव? फोन नंबर?" एका इडलीवाल्याचा 'वगैरे' त्यांनी सव्वा तास उलगडला होता. शेवटी त्यात एक मांजरसुद्धा निघालं. ते कुणाकडे राहणार हेही लिहिलं गेलं.

माझ्या धंद्याचं त्या नुकसानच करायच्या, आणि तेही माझ्याच गाळ्यात बसून. कुणी आधार कार्डाच्या दहा झेरॉक्स मागितल्या, की आतून विचारायच्या, "दहा कशाला? वाटायला का? दोन काढा. आणि ज्याला द्याल, त्यावर कशासाठी दिली ते आडवं लिहा, तारीख घाला, मगच द्या." गिऱ्हाईक दोनच काढायचं. मी पार्टिशनकडे बघून दात खायचो. साक्षीदार म्हणून सही करायला रस्त्यावरून कुणालाही धरून आणलेलं त्यांना चालत नसे. "साक्षीदाराची सही म्हणजे लग्नातल्या अक्षता नव्हेत, आला आणि टाकल्या," असं म्हणून त्या पानवाल्याला परत पाठवायच्या. लग्नाकार्यात तर लोक त्यांना पंगतीतच गाठायचे. बाई शांतपणे मठ्ठा पीत म्हणायच्या, "जेवताना दिलेला सल्ला पचत नाही. मला पचेल, तुम्हाला नाही पचणार. सोमवारी या."

एकदा दोन मित्र आले. एक मराठी, एक गुजराती, शाळेपासूनची दोस्ती. दोघांना मिळून फरसाणाचं दुकान टाकायचं होतं. कागद नकोच होता त्यांना, मराठी मित्राच्या बायकोनं बळंच पाठवलेलं. गुजराती मित्र म्हणाला, "बेन, अमे तो भाई जेवा छीए. दोस्ती में लिखापढ़ी क्या करनी?"

बाई म्हणाल्या, "बरोबर है. एकच सवाल. सकाळी सहा वाजता कढई कौन घासेगा?"

दोघांनी एकाच वेळी एकमेकांकडे बोट दाखवलं.

बाईंनी दुसरा प्रश्न टाकला. गणपतीत दुकान उघडं की बंद? "बंद! निदान दीड दिवस तरी. माझ्या घरी गणपती असतो," मराठी मित्र म्हणाला. "बंद? पागल है क्या? गणपती में तो सबसे ज़्यादा ग्राहकी!" असं म्हणत दुसरा खुर्चीतून उठलाच. दहा मिनिटांत चौथीतल्या एका कंपासपेटीपर्यंत भांडण मागे गेलं. बाई शेंगदाणे खात, मोठ्या आनंदानं एकेक मुद्दा लिहून घेत होत्या. "भांडा, भांडा. अजून दुकानाचं शटरही बसलेलं नाहीये, हीच वेळ आहे भांडायची." संध्याकाळपर्यंत बावीस कलमांचा करार झाला. कलम सात कढईचं, कलम नऊ गणपतीचं. दोघांनी पाणी प्यायलं, आलटून पालटून वाचलं आणि शेवटी एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून बाहेर पडले. ते दुकान आजही चालू आहे. करार मीच लॅमिनेट करून दिला होता, तो देवांच्या फोटोशेजारी लावलाय. कढईवरून वाजलं की दोघंही मान वर करून भिंतीकडे बघतात.

पण बाईंचा खरा नियम दुसराच होता, आणि तो कळायला मला बरीच वर्षं लागली. दोन पक्ष असले की कागद कुणीही वाचलेला त्यांना चालत नसे. "ज्याच्या पदरात पडणार, त्यानं वाचायचं. ज्याच्या हातून जाणार, त्यानं ऐकायचं." यात बदल नाही.

नया नगरात एका रिटायर्ड गृहस्थांचा छोटा गाळा होता. तो त्यांनी एका टेलरला द्यायचा ठरवला. कराराचा मसुदा ते स्वतः घेऊन आले होते. भाच्याच्या करारावरून उतरवून काढलेला, म्हणजे भाच्याचा कुणावर राग असेल तो सगळा त्यात आलेला. टेलरला मराठी वाचता येत नव्हतं. बाईंनी मालकांपुढे पाणी ठेवलं आणि म्हणाल्या, "यातले हक्क सगळे तुमच्याच पदरात पडतायत, तुम्ही वाचा. हिंदीत सांगत सांगत. त्यांच्याकडे बघून."

"मालिक जब चाहे, बिना कारण बताए, दुकान खाली करवा सकता है," मालकांनी सुरुवात तर जोरात केली. समोर टेलर आणि त्याची बायको अगदी लक्ष देऊन ऐकत होते. टेलर दर वाक्याला आदबीनं "जी" म्हणत होता. त्या 'जी'नं गृहस्थांचा आवाज खाली खाली जायला लागला. चौथ्या कलमाला ते थांबले, चष्मा काढून कपाळाचा घाम पुसला. "बाई, ते नोटीस वगैरे... म्हणजे दोन महिन्यांची नोटीस घाला ना त्यात."

"मी काही म्हटलं का?" बाई.

"नाही हो. पण हे वाचायला कसंतरीच वाटतंय."

"मग खोडा आणि बरं वाटेल ते लिहा. आणि नंतर हा करार रजिस्टर करायचा, पोलिसांत भाडेकरूची माहिती द्यायची. दोघांनी एकत्र जायचं." टेलर उठून म्हणाला, "आपा, हमने तो सोचा था, साइन ही तो करना है." मी अलीकडे तोंडावर हात धरून हसत होतो. एवढा शिकलासवरलेला माणूस, आपलाच कागद वाचताना घाम पुसतो, याची मला भारी मौज वाटली.

आता बाई चिपळूणला भाचीकडे असतात, आणि त्यांच्या अर्ध्या गाळ्यात मोबाइलची कव्हरं मिळतात. अधूनमधून फोन येतो. "काय रे, मशीन नीट आहे का?" असं विचारून गावातल्या कुणाच्या बांधाचं भांडण सांगत बसतात. त्यांच्याबद्दल बोलायला बसलो की केबिन रोडवरचा प्रत्येक जण आपापला किस्सा सांगतो आणि पोट धरून हसतो. माझाही एक आहे. तो मी कुणाला फारसा सांगत नाही, कारण त्यात घाम पुसणारा माणूस मीच आहे.

आमचं घर शांती नगरला, तळमजल्यावर. बाबांच्या नावावरचं. आई आधीच गेलेली. मी, बायको आणि मुलगी तिथंच राहायचो, आणि ताई जवळच भाड्याच्या खोलीत. भाऊजींचा स्टीलच्या भांड्यांचा कारखाना बंद पडल्यावर तिनं पोळीभाजी सुरू केली होती, ती आमच्या स्वयंपाकघरात. पहाटे पाचला स्वतःच्या किल्लीनं दार उघडून ती आत यायची. सहाला स्वयंपाकघराची रस्त्याकडची खिडकी उघडायची आणि ऑफिसला निघालेली माणसं त्या खिडकीतून पोळीभाजीची पाकिटं घेऊन जायची. तिचं घर त्या खिडकीवर चालत होतं. बाबा शेवटची दोन वर्षं अंथरुणाला खिळून होते. एका हातानं पोळ्या आणि दुसऱ्या हातानं बाबा, असं तिनंच केलं. मी दुकानात असायचो.

बाबा गेल्यावर सोसायटीच्या सेक्रेटरींनी मला बोलावलं. बिल्डिंग पाडून नवी बांधायची बोलणी सुरू झाली होती. "नाव लवकर लावून घ्या तुमचं. बहिणीची हक्कसोड घेऊन टाका, काम सोपं होईल." मला त्यात काही वावगं वाटलं नाही. आमच्यात असंच असतं. भाऊ विचारत नाही आणि बहीण नाही म्हणत नाही. ताईला सांगितलं, तर पोळी उलटता उलटता म्हणाली, "हो, करू की. तुझंच आहे सगळं." नॉमिनी म्हणून बाबांनी माझं नाव दिलं होतं, म्हणजे तसंही घर माझंच, असं मी धरून चाललो होतो. नॉमिनी हा मालक नसतो, वारसांची वाटणी होईपर्यंतचा राखणदार असतो, हे वाक्य पार्टिशनच्या पलीकडून मी शंभरदा ऐकलं होतं. दुसऱ्यांसाठी.

हक्कसोडपत्राची फाइल माझ्या संगणकात तयारच होती. मी किती टाइप केली असतील, गणती नाही. नावं बदलायची, पत्ता बदलायचा, प्रिंट. ताईची तर दहा मिनिटांत झाली. रजिस्ट्रारकडे जायच्या आधी बाईंच्या नजरेखालून घालावी म्हणून रविवारी दुपारी ताईला घेऊन गेलो. ती पोळ्या आटोपून तशीच आली होती, मनगटाला पीठ लागलेलं.

बाईंनी कागद चाळला. उठून माठातून पाणी काढलं आणि ग्लास माझ्यासमोर ठेवला.

"मी कशाला?" मी म्हटलं. "मीच तर टाइप केलंय."

"पदरात कुणाच्या पडतंय?"

मी पाणी प्यायलो आणि वाचायला लागलो. "मी, खाली सही करणार, लिहून देते की..." पुरुषाच्या तोंडी 'देते' ऐकून ताईला हसू आलं. मलाही आलं. बाई म्हणाल्या, "पुढे." 

"...माझ्या राजीखुशीने, कोणत्याही दडपणाशिवाय लिहून देते की, सदर मिळकतीची मला कोणतीही गरज नाही. यापुढे सदर मिळकतीवर माझा हक्क, अधिकार अथवा हितसंबंध राहणार नाही. मला अथवा माझ्या वारसांना तिचा वापर करण्याचा..." इथं माझी जीभ पहिल्यांदा अडखळली. मी घोटभर पाणी प्यायलो. खाली मिळकतीचं वर्णन होतं. "एक हॉल, एक बेडरूम आणि एक..."

पुढचा शब्द 'स्वयंपाकघर' होता. तो मला काही केल्या उच्चारता येईना. ताई समोर बसून, शाळेत माझी कविता ऐकायला बसायची तशी, मान हलवत होती. मी तो शब्द कसाबसा म्हटला आणि कागद खाली ठेवला.

बाई ताईकडे वळल्या. "काय समजलं, सांग तुझ्या शब्दांत."

ताईनं जरा विचार केला. "समजलं की. आजपर्यंत पहाटे मी किल्ली लावून आत यायचे, ते घरी येणं होतं. उद्यापासून ते ह्याच्या घरात शिरणं होईल." हे ती अगदी सरळ म्हणाली, रागानं नाही की रुसून नाही. आणि पेनासाठी हात पुढे केला. "द्या बाई. लहान आहे तो. त्याला नाही द्यायचं तर कुणाला द्यायचं?"

बाईंनी पेन दिलं नाही. ते टोपणासकट मुठीत धरून त्या माझ्याकडे बघत राहिल्या. "आता तू सांग. तुला काय समजलं?"

मला रडू आलं. चांगला पंचेचाळिशीचा बाप्या मी, त्या माठाशेजारी बसून रडलो. म्हटलं, "मी हे टाइप केलं बाई, पण वाचलं नव्हतं."

"इतक्या वर्षांत एकदाही?"

"एकदाही नाही."

"अरे, रडतोस काय वेड्या," म्हणत ताई स्वतःच रडायला लागली. बाईंना रडणारी माणसं सोसत नसत. त्यांनी शेंगदाण्याचा डबा आमच्यापुढे आदळला आणि म्हणाल्या, "खा दोघं. आणि मग काय करायचं ते बोला, मला चार वाजता जायचंय."

करायचं काय, हे तोवर मला कळलं होतं. घर दोघांच्या नावावर. तसा कुटुंबातल्या कुटुंबात कागद करता येतो, हेही पलीकडून ऐकून माहीत होतं. मी लगबगीनं पुढे जाऊन संगणक उघडला आणि फाइल शोधायला लागलो. हक्कसोडीचे सात नमुने होते. भावाला, भावांना, पुतण्याला. बहीण-भावानं मिळून नाव लावायचा एकही नव्हता. कुणी मागितलाच नव्हता. शेवटी कोरं पान उघडलं. बाई सांगत होत्या, मी टाइप करत होतो, आणि ताई मागे उभी राहून "हळू रे, चुका करतोयस" म्हणत होती. आयुष्यात इतकं हळू मी कधी टाइप केलं नसेल.

घरी येऊन बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "मग त्यात काय एवढं? आपण काय ताईंना घराबाहेर काढणार होतो का?" मी तिला जुना कागद वाचायला दिला. तिनं तो मनातल्या मनात वाचला, मग दुसऱ्यांदा मोठ्यानं वाचला, आणि त्याच संध्याकाळी ताईकडे जाऊन जेवून आली.

पुढे वर्षभरानं सोसायटीच्या आवारात मांडव घालून बिल्डरच्या लोकांची बैठक झाली. टेबलावर नव्या बिल्डिंगचा नकाशा पसरलेला. एकेका घराला बोलावून काय मिळणार ते सांगत होते. आमचा नंबर आला तेव्हा ताईनं बाईंनाही सोबत घेतलं होतं. त्या मागे खुर्चीत बसल्या, हाताची घडी घालून, आणि नवल म्हणजे एक अक्षर बोलल्या नाहीत. बिल्डरचा माणूस माझ्याकडे बघून म्हणाला, "भाईसाब, आपको सातवाँ माला. एकदम हवादार. नीचे सब दुकानें रहेंगी." मला तर सातवा मजला आवडलाही होता, ताईची खिडकी डोक्यातच आली नव्हती. मी मान डोलावणार, एवढ्यात त्याची नजर समोरच्या कागदावर गेली. तिथं दोन नावं होती. नियमाप्रमाणे त्याला दुसऱ्या नावाचीही संमती हवी होती. तो खुर्चीत जरा सरळ झाला आणि ताईकडे वळला.

"मॅडम, आपको क्या चाहिए?"

ताई गडबडली. तिला आजपर्यंत हे कुणी विचारलंच नव्हतं. बाबांनी नाही, भाऊजींनी नाही. मीसुद्धा नाही. सवयीनं तिनं माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "मला नको विचारूस, तुला विचारतायत." तिनं मनगट पदराला पुसलं, खुर्ची ओढली, टेबलाशी नीट बसली आणि त्या माणसाला म्हणाली, "बताती हूँ. लिख लीजिए."